माल्टवाली आयपीए, तिसरी फेरी: काकवी की लोणी?

ठाणे. इंग्लिश आयपीए, म्हणजे हॉप्सचा कडवटपणा असलेली बिअर, चाखायची ही तिसरी फेरी. 1 लिटरचा ग्रोलर (नळावरून बिअर भरून न्यायची मोठी बाटली), भरून 5 तास झालेले. ओजी (आंबवण्याआधीची घनता) 1.058, एफजी (आंबवल्यानंतरची) 1.014, म्हणजे अल्कोहोल साधारण 5.8 टक्के. आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप, 45. माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) मॅरिस ऑटर, सोबत थोडा गोडसर क्रिस्टल माल्ट; हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल. या हॉप्सना आंब्या-अननसाचा घमघमाट नसतोच. तो शोधत बसलं की इंग्लिश आयपीएवर अन्याय होतो.

फ्रिजमधून काढली तेव्हा 4 अंश. इतक्या गारठ्यात कडवटपणा आणि गॅस एवढंच कळतं. 8 अंशांना मारी बिस्किट, पावाची खरपूस कड. 12 अंशांना काकवी, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि मागून फगलचा मातकट वास. सुंदर! आपल्या दमट हवेत ग्लास भराभर तापतो, म्हणून एका वेळी 150 मिलीच ओतावी. आणि मामलेदारची मिसळ खाऊन चाखायला बसू नये: तिखटावर चव नीट कळत नाही.

12 अंशांनाच काकवीच्या आड लोण्याचा संशय आला. क्रिस्टल माल्ट की डायअॅसिटिल (आंबवताना तयार होणारा, लोण्यासारखा वास देणारा पदार्थ), हे जिभेवर सोडू नका. 50-50 मिलीचे दोन ग्लास घ्या, दोन्हींवर फॉइल. एक 65 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा, मग दुसऱ्याइतकाच थंड करून दोन्ही हुंगा. दोन्हींत लोणी नसेल तर ती काकवी माल्टचीच. दोन्हींत सारखंच असेल तर ते बिअरमध्ये आधीपासून आहे. अस्वच्छ नळीतला संसर्गही कारण असू शकतो. फक्त तापवलेल्यात आलं तर डायअॅसिटिलचा कच्चा माल शिल्लक आहे, आंबवणं घाईत उरकलंय. इंग्लिश यीस्ट लवकर तळाशी बसतं, म्हणून शेवटी तापमान जरा वाढवून दोन-तीन दिवस थांबावंच लागतं.

निकाल: तापवलेल्यात बटरस्कॉच (लोण्याचाच गोडसर वास) स्पष्ट, दुसऱ्यात जेमतेम. म्हणजे कच्चा माल शिल्लक होता.

दुसरा दिवस. उरलेली अर्धी बिअर फ्रिजमध्येच होती, तरी गोल्डिंग्जचा वास विरला आणि ओल्या पुठ्ठ्याची चव आली. अर्ध्या ग्रोलरमध्ये शिरलेल्या हवेचा हा परिणाम असावा.

चौथ्या फेरीसाठी 500 मिलीच्या दोन तपकिरी बाटल्या. आतली हवा घालवायला आधी कार्बन डायऑक्साइड मारून, तळापर्यंत नळी घालून गळ्यापर्यंत भरून घ्यायच्या. दुसरी बाटली 48 तासांनी उघडायची, 12 अंशांनाच.