तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे लक्ष वेधून घ्यायलाच ना?’

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, हे कळलं की पालक बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतात, “मॅडम, मुलगी स्वतःला इजा करून घेते. लक्ष वेधून घ्यायला असेल ना हे?”

ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या घालून, घरात कुणाला पत्ता लागू न देता जे चाललेलं असतं, ते लक्ष वेधायला कसं असेल? बहुतेक मुलं हे लपवतात. एखाद्यानं दाखवलंच, तर तो मदत मागतोय. मग लक्ष द्यायलाच हवं, नाही का?

मुलं मला सांगतात ते साधारण असं: आत इतकं साठतं की सोसवत नाही, नाहीतर सगळं बधिर होतं. इजा केली की घडीभर सुटल्यासारखं वाटतं. मग लाज वाटते, स्वतःचाच राग येतो, आणि त्या लाजेपोटी पुन्हा तेच. सुरुवात बहुधा सातवी ते नववीच्या वयात होते. भावना तेव्हा जोरात उसळत असतात आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो. मागे मार्कांची धास्ती असते, घरातली भांडणं, मोबाइलवरची बदनामी, कधी लैंगिक अत्याचारही. मुलगेही हे करतात. ‘तापट आहे’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कळल्यावर लगेच आईची शपथ घालू नका. शपथ मोडते, आणि मूल आणखी खोल लपतं. आधी जखमेवर औषध लावा. मग शेजारी बसून म्हणा, “तुला खूप त्रास होत असणार. मी ऐकतेय.”

स्वतःला इजा करणाऱ्या अनेकांना मरायचं नसतं. तरीही पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून थेट विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा.

उपचारांचा उपयोग होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) या मानसोपचार पद्धतीमध्ये उसळलेली भावना ओळखायला आणि तो ताण निभावून न्यायला शिकवतात, किशोरवयीन मुलांमध्ये तिचा चांगला गुण दिसला आहे.

पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळणारी घरं अजून भेटतात. ती भीती नको: 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचं मानतं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल, तर आधी तुम्ही स्वतः फोन करा.