जर्मनीत जुनी स्पोर्ट्स कूपे सुधारताना: आधी पाणी, मग रबर, इंजिन सगळ्यात शेवटी

जर्मनीत जुन्या गाडीला हात लावायचा तर पान्याच्या आधी कागद हातात घ्यावा लागतो. आपल्याकडे चाकं, स्प्रिंगा, सायलेन्सर बदलायचं ठरलं की गॅरेजवाल्याशी बोलणं होतं आणि संध्याकाळी गाडी बदलून रस्त्यावर येते. खरं तर कायदा आपल्याकडेही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांनुसार आरसी बुकातल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. इथला फरक असा, की बदल करायला एक उघड, लिहून ठेवलेली वाट आहे आणि लोक त्या वाटेने जातातही. म्हणूनच तीस वर्षांची गाडी खाली बसवलेली, रुंद टायरांची, तरीही पूर्ण कायदेशीर अशी रस्त्यावर दिसते.

इथे उदाहरणाला बीएमडब्ल्यूची ३१८आयएस कूपे घेतली आहे, १९९२ नंतरची, ई३६ पिढीतली. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, लांबी साडेचार मीटरच्या आत, वजन साधारण बाराशे किलो. सुरुवातीच्या गाड्यांत एम४२ इंजिन आहे: १,७९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १४० हॉर्सपॉवर. नंतरच्या गाड्यांत १.९ लिटरचं एम४४ आलं, ताकद तेवढीच. सहा सिलिंडरच्या भावंडांपेक्षा हिचं नाक हलकं आहे, त्यामुळे वळणावर ही गाडी फार गोड चालते. ही गाडी घरी नेता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही येत. भारतात आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं.

गाडी घेताना सगळ्यात आधी खाली वाकून गंज बघा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याला खातं. जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि मागच्या शॉकअपच्या वरच्या टोकाची डिकीतली जागा, एवढं तरी बोटाने दाबून पाहावं. रंगाखाली फुगवटा असला तर आत जे आहे ते दिसतं त्याच्या दुप्पट धरावं. सस्पेन्शनचे पार्ट कधीही मिळतात. सडलेला सांगाडा वेल्डिंगने उभा करायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात.

पहिला खर्च इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावर करा. या पिढीत रेडिएटरचं तोंड, थर्मोस्टॅटचं घर आणि पंपाचा पंखा बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो. तीस वर्षं गरम-थंड होऊन ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. पंखा दांड्यावरून सुटला की पट्टा फिरत राहतो, पण पाणी हलत नाही. मीटरवरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. तो बराच वेळ मधोमध स्थिर राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचं आहे. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं. म्हणून रेडिएटर, धातूच्या पंख्याचा पंप, थर्मोस्टॅट, त्याचं घर, सगळे होज आणि पट्टे एकाच दिवशी बदलावेत.

एम४२च्या दोन खोडी आणखी आहेत. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली कूलंटचे बारीक होज आणि जोड दडलेले असतात. वरून काहीच दिसत नाही, पाणी मात्र कमी होत जातं. दुसरी खोड टायमिंग कव्हरजवळच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या साखळीवरच्या झाकणाजवळच्या, प्रोफाइल गास्केटची, म्हणजे जोडातल्या रबरी पट्टीची. ती आकसली की पाणी इंजिनाच्या पुढून गळतं किंवा आत तेलात मिसळतं. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस आणि कूलंटची पातळी खाली, ही जोडी दिसली की गाडी चालवणं थांबवा. हे काम करताना वरचं-खालचं कव्हर उघडावंच लागतं, तेव्हा साखळीच्या मार्गिका आणि ती ताणून धरणारा टेन्शनरही तपासून घ्या. पुन्हा तेवढंच उघडायची मजुरी वाचते.

पाणी भरताना घाई केली की वरचं सगळं वाया जातं. निळं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, एकूण साधारण साडेसहा लिटर. इंजिन पूर्ण थंड हवं आणि गाडीचं नाक जॅकवर थोडं उंच. इग्निशन चालू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे हीटरचा व्हॉल्व्ह उघडतो. ब्लोअर अगदी हळू. टाकीच्या झाकणाशेजारचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि बारीक धारेने ओता. आधी फसफस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं पाणी. तेव्हाच स्क्रू बंद करा, तोही बोटांच्या जोराने, कारण तो प्लॅस्टिकचा आहे आणि एका जास्तीच्या पिळात मोडतो. एक फेरी मारून रात्रभर गाडी थंड होऊ द्या, सकाळी पातळी पाहा. जवळजवळ नेहमी थोडं भरावं लागतं.

यानंतर रबर. शोरूमसारखी दिसणारी जुनी गाडी वेगात मागून डुलते, ब्रेक दाबला की बाजूला ओढते. त्यात शॉकअपचा दोष कमी आणि बुशांचा, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांचा, जास्त असतो. चाकांना गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांपैकी पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश, मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश आणि मागच्या शॉकअपचे वरचे माउंट, या तीन जागा आधी. नवीन शॉकअप घालून बुश जुने ठेवणं म्हणजे नव्या चपलांना तुटका अंगठा.

बुश बसवायची रीत समजून घेतली नाही तर तो काही महिन्यांत फाटतो. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. तो बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, नुसता पिळला जातो. गाडी लिफ्टवर, आर्म खाली लोंबतोय आणि तशात बोल्ट पूर्ण आवळला, तर चाकं जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. म्हणून लिफ्टवर बोल्ट फक्त हाताने लावा, आणि शेवटचं मापाने आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. ट्रेलिंग आर्मचा बुश बसवताना त्याच्या पकडीचा कोनही पुस्तकातल्या मापाने लावावा लागतो. पुढचा बुश आर्मच्या षटकोनी टोकावर साबणाच्या पाण्याने सरकवतात. ग्रीस किंवा तेल वापरलं तर तो कधीच पकड घेत नाही. साबण वाळायच्या आत, साधारण अर्ध्या तासात, गाडी चाकांवर उतरवा आणि पुढे-मागे थोडी ढकला, म्हणजे बुश आपल्या जागी ठरतो.

हे काम फुटपाथवर होत नाही. इथे भाड्याची गॅरेजं असतात. लिफ्ट तासावर मिळते, हत्यारं थोडे जास्त पैसे दिले की मिळतात. रविवारी गोंगाट चालत नाही, म्हणून शनिवार सकाळचा लिफ्ट आधी नोंदवून ठेवा. तेल बदललं तर जुनं तेल बाटलीत भरून जिथून नवं घेतलं त्या दुकानात परत द्या. पावती दाखवल्यावर तेवढंच तेल त्यांनी घ्यायचं, असा नियम आहे.

ब्रेकसाठी पहिला प्रश्न: पुढची डिस्क भरीव आहे की हवेशीर, म्हणजे मधून हवा खेळणारी? भरीव असेल तर त्याच पिढीच्या सहा सिलिंडरच्या गाडीतली २८६ मिलिमीटर व्यासाची, २२ मिलिमीटर जाडीची हवेशीर डिस्क घालता येते. मात्र तिच्यासोबत तिचेच कॅलिपर (डिस्क दाबणाऱ्या पकडी) आणि कॅरिअर (त्यांच्या बैठका) हवेत, नुसती डिस्क जुन्या कॅलिपरमध्ये जात नाही. रबरी होज फुगलेले असतात, तेही त्याच वेळी बदला. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी नवं.

आता स्प्रिंगा आणि शॉकअप, म्हणजेच कागद. प्रत्येक पार्टसोबत एक दस्तऐवज येतो. एबीई म्हणजे सरसकट परवानगी. बहुतेक वेळा कागद गाडीत ठेवला की झालं, तरी त्यातल्या अटी वाचाव्या. टायलेगुटआख्टेन म्हणजे पार्टचा तपासणी अहवाल. तो घेऊन ट्यूफ, डेक्रा किंवा तत्सम संस्थेच्या तपासनिसाकडे गाडी दाखवून नोंद करून घ्यावी लागते. यांतलं काहीच नसेल तर आइनझेलआबनामे, म्हणजे एकट्या गाडीची स्वतंत्र परीक्षा, आणि ती महाग. नोंदीविना फिरलात तर गाडीची परवानगी रद्द धरली जाऊ शकते आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी भांडते. त्यामुळे वापरलेला पार्ट घेताना आधी कागद मागा. स्वस्त पार्टचा कागद हरवलेला असला तर तो पार्ट महाग पडतो.

नोंदणीपत्रकाचे रकाने वाचायला शिका. २.१ आणि २.२ मध्ये निर्माता आणि मॉडेलचा संकेतांक, ८.१ आणि ८.२ मध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं कमाल वजन, १५.१ आणि १५.२ मध्ये टायरचं माप, यू.१ मध्ये उभ्या गाडीचा आवाज. स्प्रिंगच्या अहवालात अ‍ॅक्सल वजनाची मर्यादा लिहिलेली असते. सहा सिलिंडरची स्प्रिंग चार सिलिंडरला बसते खरी, पण हलक्या नाकाखाली ती दबत नाही आणि गाडी पुढून उंच राहते. आयबाख कंपनीच्या ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे बिल्श्टाइन कंपनीचे बी८ शॉकअप ही जोडी रोजच्या रस्त्याला पुरे. याहून खाली आणली की चाक कमानीला घासतं आणि शॉकअप तळाला आपटतो.

चाकांचे बोल्ट पाच, १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधलं भोक ७२.६ मिलिमीटर. १६ इंची चाक आणि २२५/५० टायर या गाडीला शोभतात. बोल्ट १०० न्यूटनमीटरवर आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

इंजिनाकडे शेवटी या. टर्बो नसलेल्या १.८ लिटर इंजिनात चिप घालून जी वाढ मिळते ती सीटवर बसून जाणवत नाही. नवे प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि हवेची गळती बंद एवढ्यानेच हरवलेली ताकद परत येते. खरा फरक हवा तर डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, ३.४५ ऐवजी ३.९१ गुणोत्तराचा घ्या. गाडी चपळ होते, पण पाचव्या गिअरला ताशी १३०वर इंजिन ३,८००च्या जागी ४,३०० फेऱ्या मारतं. लांबच्या प्रवासात तो आवाज कानाला त्रास देतो. वेगमापक बिघडत नाही, कारण या गाडीत वेगाचा सेन्सर डिफरन्शिअलच्या आतल्या फिरणाऱ्या भागावरच आहे.

कराचं गणितही याच टप्प्यावर करा. प्रदूषणाच्या युरो १ प्रतीच्या १.८ लिटर गाडीला दर १०० सीसीला १५.१३ युरो, म्हणजे वर्षाला सुमारे २७२ युरो. थंड इंजिनात जास्तीची हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, काल्टलाउफरेगलर, बसवून गाडी युरो २ झाली की दर ७.३६ युरो, वर्षाला सुमारे १३२. तीस वर्षांनंतर मिळणारी एच नंबर प्लेट, म्हणजे ऐतिहासिक गाडीची पाटी, वर्षाला एकूण १९१.७३ युरोची. म्हणजे कराच्या हिशेबाने युरो २ स्वस्त पडते. एच प्लेटवर शहरांतल्या प्रदूषण-नियंत्रित हद्दीत प्रदूषणाच्या स्टिकरशिवाय जाता येतं, पण तिच्यासाठी बदल त्या काळातले हवेत: पहिल्या नोंदणीनंतर दहा वर्षांच्या आत बसवता आले असते असे. आजच्या रचनेचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोड्या) घातले तर ती प्लेट अडते. त्यामुळे एच हवी की नको, हे स्प्रिंगा विकत घेण्याआधीच ठरवा.

सगळं जोडून झालं की चार चाकांचं अलाइनमेंट. कंपनीचं माप रिकाम्या गाडीचं नाही: पुढच्या दोन्ही सीटवर ६८-६८ किलो, मागे मधोमध ६८ किलो, डिकीत २१ किलो आणि टाकी भरलेली. इतकं वजन ठेवणारं दुकान शोधा, नाहीतर आकडे पडद्यावर हिरवे दिसतात आणि टायर आतून झिजतात. मग हेडलाइट. गाडी खाली आली की प्रकाशाचा झोत बदलतो. तपासणीला जाण्याआधी तो सपाट जमिनीवर भिंतीसमोर सरळ करून घ्या. स्प्रिंगांच्या अहवालातल्या अटींत ही ओळ बहुधा असतेच आणि तपासनीस ती बोट ठेवून वाचतात.