थंडीतले पतंग ओळखताना

थंडी पडली की परसातले किडे संपले असं समजून बहुतेक जण बघणंच सोडून देतात. मला मात्र पतंग ओळखायला शिकण्यासाठी हेच दिवस आवडतात. दिव्यापाशी गर्दी नसते आणि आलेला पाहुणा सुस्तावलेला असतो.

आधी रंग नको, बसण्याची ढब बघा. पंख सपाट पसरून भिंतीला चिकटलेला असेल तर बहुधा जिऑमेट्रिड, म्हणजे पतंगांच्या एका कुळातला. छपरासारखे उतरते मिटले असतील तर नॉक्टुइड या दुसऱ्या कुळातला असण्याची शक्यता जास्त. मग नॉक्टुइडची खात्री करायला भिंग घ्या आणि पुढच्या पंखावर एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका शोधा. परवा नळामागे बसलेल्या राखाडी पतंगावर हे दोन्ही ठिपके स्पष्ट दिसले आणि मी अक्षरशः हरखले! तो जागच्या जागी थरथरत होता. उडण्याआधी छातीचे स्नायू तापवायची ही त्यांची रीत. अशा वेळी त्याला हात लावू नये.

झाडांच्या बुंध्यांवरही टॉर्च मारावा. युरोपातल्या ‘विंटर मॉथ’च्या मादीला पंखांचे नुसते खुंट असतात, ती चालतच झाडावर चढते. पाय सहा आहेत ना ते मोजा, नाहीतर कोळी समजून पुढे जाल.

फोटो वरून एक, बाजूने एक. मिशा दिसायलाच हव्यात.