मलेशियन हिप हॉपची वही: शेवटच्या ‘आ’चा माग

2007 मध्ये वसतिगृहातील एका तमिळ मैत्रिणीने मला योगी बी आणि नट्चत्रा यांचा, आदल्याच वर्षी आलेला ‘वल्लवन’ हा अल्बम ऐकवला आणि तेव्हापासून मलेशियन हिप हॉप माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. त्यातील ‘मडै तिरंदु’ हे गाणे इळैयराजांच्या 1980 सालच्या चालीवर उभे होते. मलेशियाच्या तमिळ मुलांनी ती जुनी चाल इतक्या आपलेपणाने हाताळली होती की मला तमिळ येत नसतानाही मी ते गाणे दिवसभर ऐकत राहिले. पुढे योगी बी यांच्या आधीच्या ‘पोएटिक अ‍ॅमो’ या गटापर्यंत पोहोचले. या गटाचा पहिला अल्बम 1998 मध्ये आला आणि इंग्रजी, मलय, तमिळ व कँटोनीज अशा चार भाषांतून रॅप करणे ही त्याची ओळख होती.

मागच्या नोंदीत मी मलय भाषेचा अभ्यास सुरू केल्याचे लिहिले होते. या सहामाहीत त्या अभ्यासाच्या बळावर एकच काम हाती घेतले: 18 गाणी छापील शब्द न पाहता कानाने उतरवायची आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या यमकावर खूण करायची. प्रत्ययाने जुळलेले यमक तांबड्या पेन्सिलीने आणि मूळ शब्दाने जुळलेले हिरव्या पेन्सिलीने, अशी साधी पद्धत ठेवली आहे.

ही विभागणी का करावी लागते, हे मराठी वाचकाला लवकर उमगेल. आपल्याकडे चारही ओळी ‘येतो, जातो, खातो, गातो’ अशा संपवल्या तर यमक जुळते खरे, पण त्यात कवीचे कर्तृत्व फारसे नसते, कारण जुळवणी व्याकरणाने करून दिलेली असते. मलयमध्ये ‘-कान’, ‘-आन’, ‘-ञा’ हे प्रत्यय तसेच हाताशी असतात. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. ‘माकान’ म्हणजे खाणे आणि ‘बुकान’ म्हणजे ‘नव्हे’. या दोन्ही शब्दांतील ‘कान’ हा प्रत्यय नसून शब्दाचाच भाग आहे, तरी मी ते तांबडे केले होते. शब्दकोश घेऊन पाच गाणी पुन्हा तपासावी लागली. त्या तपासणीत मलिक या रॅपरची गाणी मला अधिक आवडू लागली. टू फॅट या जोडीत जो फ्लिझ्झोबरोबर असताना त्याचे बरेचसे लेखन इंग्रजीत होते. एकट्याने काम करू लागल्यावर तो मलयकडे वळला आणि मलयच्या जुन्या शब्दांत खोल गेला. ज्येष्ठ गायक-संगीतकार एम. नासिर यांच्यासह केलेल्या त्याच्या ‘मान्तेरा बेरादू’ या गाण्याचे नावच पाहावे: ‘मान्तेरा’ हा आपला मंत्र, आणि ‘बेरादू’ म्हणजे झुंजणे, पण राजघराण्याविषयी बोलताना त्याच शब्दाचा अर्थ निजणे असा होतो. एका क्रियापदात झुंज आणि निद्रा दोन्ही सामावणाऱ्या भाषेत रॅप लिहायला मिळणे, हे मला भाग्याचे वाटते.

आता शेवटच्या ‘आ’विषयी, कारण या सहामाहीचा खरा आनंद त्यात आहे. लिहिताना ‘आपा’ (काय), ‘कीता’ (आपण), ‘चेरिता’ (गोष्ट) असे शब्द ‘आ’ने संपतात, पण क्वालालंपूरच्या आणि दक्षिणेच्या बोलण्यात तो ‘आ’ आखडून आपल्या ‘अ’जवळ येतो. इंग्रजीतील ‘नंबर’, ‘ब्रदर’ हे शब्द मलेशियात उच्चारताना शेवटचा ‘र’ गळतो आणि तिथेही तसाच ‘अ’ उरतो. म्हणजे अर्धी ओळ इंग्रजी आणि अर्धी मलय असली तरी शेवट आपोआप जुळू शकतो. टू फॅटच्या काळातील दुभाषिक लेखन मी वर्षानुवर्षे ऐकत होते. ते इतके सहज का वाटते, याचे एक कारण मला आता सापडले. (गाण्याची गती कमी करून ऐकणाऱ्यांना एक सूचना: तसे केले की हा ‘अ’ लांबून ‘आ’सारखा ऐकू येतो. स्वर ठरवताना गाणे मूळ गतीनेच ऐकावे.)

नगरी सेम्बिलान राज्यात हाच स्वर ‘ओ’ होतो. सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या वस्तीमुळे तिथली बोली वेगळी घडली आहे. ‘आपा’चे ‘आपो’ होते आणि जेलेबू या जिल्ह्याचे नाव ‘जोलोबू’ होते. वारिस या रॅपरने हात्तान या ज्येष्ठ गायकाबरोबर केलेल्या ‘गादिस जोलोबू’ या गाण्याच्या नावातच ती बोली आहे. बोलीतून रॅप करायचे ठरवले की यमकांचा सगळा साठाच बदलतो, आणि राजधानीत जे शब्द जुळतात त्यांच्या जागी दुसरेच शब्द उभे राहतात. या धाडसाची जितकी दखल घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही, असे माझे मत आहे.

जो फ्लिझ्झो आणि सोनावन या रॅपरांचे ‘आपा खाबार’ उतरवताना ‘खाबार’ म्हणजे आपलीच ‘खबर’, अरबीतून दोन दिशांना गेलेली, हे लक्षात आले आणि फार आनंद झाला. ‘काय खबर’ असे शब्दशः विचारत मलय माणूस क्षेमकुशल विचारतो. या गाण्याने 2015 च्या जानेवारीत ‘आनुगेराह जुआरा लागू’ ही प्रतिष्ठेची गीतस्पर्धा जिंकली. वहीच्या शेवटच्या पानांवर मी असे ओळखीचे शब्द साठवते: ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘सुआरा’ म्हणजे स्वर अर्थात आवाज, आणि वर आलेला ‘चेरिता’ हा आपला ‘चरित’.

तमिळ बाजूचे काम या वेळी मागे पडले. एवढेच नोंदवते की 2018 च्या ‘काला’ या चित्रपटासाठी योगी बी आणि रोशन जॅमरॉक हे मलेशियन रॅपर गायले आहेत आणि त्याच चित्रपटात धारावीचा ‘डोपॅडेलिक्झ’ हा रॅप गटही आहे. मलेशियाचा आणि मुंबईचा रॅप या माझ्या दोन आवडी धारावीच्या कथेत अशा एकत्र आल्याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

पुढील सहामाहीसाठी ‘16 बारिस’ ही मालिका घेतली आहे. ‘बारिस’ म्हणजे ओळ. जो फ्लिझ्झोच्या सलूनमध्ये एकेक रॅपर 16 ओळी म्हणतो, आणि त्यांत सिंगापूर व इंडोनेशियाचेही असतात, त्यामुळे शेवटचा ‘आ’ निरनिराळ्या तोंडून एकाच खोलीत ऐकता येईल. साबाहच्या बोलीत हा ‘आ’ पूर्ण उच्चारला जातो, म्हणून कोटा किनाबालूच्या के-क्लीक या गटाची गाणीही सोबत ठेवली आहेत. पहिले तीन भाग उतरवून झाले आहेत. तिसऱ्यातील सातवी ओळ अद्याप नीट ऐकू आलेली नाही, तिच्यापुढे जागा मोकळी सोडली आहे.