रंकाळ्यातले केंदाळ

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठाने सकाळी फेरी मारण्याची सवय मला लहानपणापासून आहे. जलपर्णीला आमच्याकडे केंदाळ म्हणतात, हेही मी पुस्तकात वाचले नाही, तर काठावर म्हशी धुवायला येणाऱ्या माणसांकडून ऐकले. लांबून पाहिले तर या वनस्पतीचा राग येत नाही. जांभळ्या फुलांच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो, आणि सकाळच्या उन्हात शालिनी पॅलेसच्या बाजूने पाहताना तो हिरवा गालिचा छायाचित्र काढावे असाच दिसतो. मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी म्हणून बंगालात आली असे मानले जाते. तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे किडे मात्र तिकडेच राहिले.

संध्यामठाच्या बाजूला एकदा श्रमदानाला उतरलो, तेव्हा एक रोप हातात घेऊन नीट पाहिले. देठाचा फुगीर भाग दाबला की स्पंजसारखा दबतो आणि मोडताना बारीक आवाज होतो. खाली पिसासारखी काळसर मुळे लोंबत असतात, त्यांत गाळ आणि चिमुकल्या गोगलगाई अडकलेल्या असतात. मी ओढलेल्या रोपाबरोबर आडव्या दांड्याला जोडलेली आणखी चार पिल्ले बाहेर आली आणि दांडा तुटल्यावर एक पिल्लू माझ्या पायाजवळून निवांत तरंगत निघून गेले. अनुकूल हवेत हा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो आणि गाळात पडलेले बी वीस वर्षांपर्यंतही रुजण्याची क्षमता टिकवून ठेवते, हे लक्षात घेतले म्हणजे एका रविवारच्या श्रमदानाचा आवाका कळतो.

तरीही माझे म्हणणे असे आहे की केंदाळ हा तलावाचा आजार नव्हे, आजाराचे लक्षण आहे. श्याम सोसायटी आणि परताळ्याच्या बाजूने येणाऱ्या नाल्यांतून वर्षानुवर्षे जे सांडपाणी आले, त्याने मैला, साबण आणि धुण्याच्या पावडरीतून नत्र आणि स्फुरद पाण्यात ओतले. शेतकरी हेच घटक पैसे मोजून पिकाला देतो, येथे ते केंदाळाला फुकट मिळतात. रंकाळा मुळात दगडाची खण होती असे सांगतात. त्यातून वाहती नदी जात नाही, त्यामुळे आलेल्यातले बरेचसे तळाच्या गाळात साठते. वर केंदाळ दाट झाले की उजेड आणि हवा अडते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि प्राणवायू संपलेल्या गाळातून साठलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते.

म्हणूनच केवळ केंदाळ काढल्यावर फसगत होते. वरची सावली जाते, सुपीक पाणी तसेच राहते, आणि मग सूक्ष्म शेवाळ वाढून सगळा तलाव हिरव्या रंगाच्या डब्यासारखा दिसू लागतो. वासही येतो. लोक म्हणतात, आधीचे केंदाळ बरे होते; हे म्हणणे चुकीचे आहे, पण वैताग समजण्यासारखा आहे.

काढलेल्या केंदाळाचे काय करायचे, हा प्रश्न तर बहुतेकांना सुचतच नाही. त्याच्या वजनात शंभरातले सुमारे 95 भाग पाणी असते, म्हणजे ट्रॉलीभर केंदाळ वाहणे हे मुख्यतः पाणी वाहणेच होय. त्यामुळे ते काठावर वाळत घालण्याचा मोह होतो. पण पाऊस आला की त्या कुजलेल्या ढिगातला काळा निचरा थेट तलावात उतरतो, आणि आपण उपसलेले नत्र-स्फुरद आपणच परत करतो. ढीग तलावाकडे उतार नसलेल्या जागी असावा, आणि खत करायचे तर तो आतून चांगला तापला पाहिजे, नाहीतर बी जिवंत राहते. तणनाशक फवारणे हा तर मला सर्वांत वाईट उपाय वाटतो, कारण मेलेले केंदाळ तळाशी बसून उरलासुरला प्राणवायूही खाते. केंदाळ खाणारे विशिष्ट भुंगे 1980 च्या दशकात भारतात बंगळुरूजवळ सोडले गेले. ते उपयोगी आहेत, पण त्यांना वर्षे लागतात, आणि सांडपाण्यावर पोसलेले केंदाळ त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. तेव्हा नाला वळवून शुद्धीकरण केंद्राकडे नेणे आणि तो पावसाळ्यातही वळलेला ठेवणे, हेच खरे काम आहे. गणेशमूर्ती रंकाळ्याऐवजी जवळच्या इराणी खणीत विसर्जित करण्याची सवय कोल्हापूरकरांनी लावून घेतली, तिचा उपयोग आहेच. मात्र सांडपाणी रोजचे असते.

पाणी किती नितळ आहे हे पाहायला अलीकडे मी घरातील एक पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडतो आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहून दोरीला गाठ मारतो. राजघाटापाशी आणि नाल्याच्या तोंडाशी मारलेल्या गाठींमध्ये गेल्या महिन्यात वीतभर अंतर होते. नाल्याकडची गाठ थाळीच्या जास्त जवळ होती.