नाव बार्बरा स्त्रोत्झी

"बाई संगीतरचना करायची? मग मागे कुणी पुरुष असणारच." मित्राच्या कानात हेडफोन घातला, तर त्याचं हे पहिलं वाक्य!

वाजत होतं बार्बरा स्त्रोत्झीचं गाणं, 'लाग्रिमे मिए' (माझे अश्रू). सुरुवातीलाच आवाज वरून अडखळत, हुंदके देत खाली उतरतो. काटा येतो अंगावर.

इटलीतल्या व्हेनिसची ही संगीतकार, जन्म १६१९. ना चर्चची नोकरी, ना दरबारची. तरी १६४४ ते १६६४ या काळात स्वतःच्या नावाने आपल्या संगीताचे आठ संग्रह छापले.

पहिला संग्रह टस्कनी राज्याच्या ग्रँड डचेसला, म्हणजे तिथल्या शासकाच्या पत्नीला अर्पण. त्यात म्हणते, बाई असून फारच धाडस करतेय, निंदेच्या विजांपासून सांभाळून घ्या. म्हणजे लोक काय बोलणार हे बाईंना आधीच पक्कं ठाऊक!

विस्मरणात तर संगीतकार विवाल्डीही गेला होता. आज तो रिंगटोनमध्येसुद्धा वाजतो. हिचं नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं होतं?