ऑड्सचा गुणाकार आणि गळालेल्या दहा जोड्या

संभाव्यतेचे प्रकरण मी दुसऱ्यांदा अभ्यासायला घेतले, तेव्हा स्वतंत्र, म्हणजे एकमेकींवर परिणाम न करणाऱ्या, घटनांचा गुणाकाराचा नियम मला पाठ होता आणि ऑड्स म्हणजे अनुकूल व प्रतिकूल शक्यतांचे गुणोत्तर, हेही ठाऊक होते. तरीही दोन्ही एकाच उदाहरणात आले की उत्तर हमखास चुकायचे. एका फाशावर सहा न पडण्याचे ऑड्स ५:१ असतात, म्हणून दोन फाशांवर सहाची जोडी न पडण्याचे ऑड्स २५:१, असे मी बिनदिक्कत लिहून टाकले होते. खरे उत्तर ३५:१ होते.

सूत्रांकडे कितीही पाहिले तरी चूक उमगेना, तेव्हा सहा ओळी आणि सहा स्तंभांचा तक्ता आखून ३६ जोड्या एकेक करून मांडल्या. दोन्ही फाशांवर सहा असलेली जोडी एक, एकाही फाशावर सहा नसलेल्या जोड्या २५, आणि नेमक्या एकाच फाशावर सहा असलेल्या १०. या १० जोड्या माझ्या गुणाकारातून सरळ गळाल्या होत्या. ऑड्समध्ये एकूण शक्यता लिहिलेल्या नसतात, त्या बेरजेत दडलेल्या असतात; म्हणून आधी ५:१ वरून (५ + १ = ६) सहा पडण्याची संभाव्यता १/६ काढायची, मग १/६ × १/६ = १/३६ काढायचे आणि शेवटी पुन्हा ३५:१ वर यायचे.

पुढच्या उदाहरणाने मात्र वेगळीच फजिती केली. एक गणित पहिल्या विद्यार्थ्याला न सुटण्याचे ऑड्स ३:२ आणि दुसऱ्याला सुटण्याचे ५:३ होते. दोघे स्वतंत्रपणे प्रयत्न करत असता ते निदान एकाला सुटण्याची संभाव्यता विचारली होती. (एकीकडे प्रतिकूल आणि दुसरीकडे अनुकूल ऑड्स देण्याचा खोडसाळपणा परीक्षकांना फार प्रिय असावा.) मी २/५ आणि ५/८ यांची बेरीज केली आणि ४१/४० हे १ पेक्षा मोठे उत्तर पाहून स्वतःच थबकलो. दोघांनाही गणित सुटण्याची शक्यता मी दोनदा मोजली होती. मग उलट बाजूने गेलो: दोघांनाही न सुटण्याची संभाव्यता ३/५ × ३/८ = ९/४०, म्हणून निदान एकाला सुटण्याची ३१/४०, आणि ऑड्स ३१:९.

हीच रीत वापरून एक फासा चार वेळा टाकल्यावर निदान एकदा सहा पडण्याचे ऑड्स काढले, तर ते ६७१:६२५ आले. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने १६५४ मध्ये फेर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हेच दोन आकडे आहेत, हे नंतर वाचनात आले, तेव्हा मी माझी वही पुन्हा उघडून पाहिली.